पंधरा आठवड्यांचे विद्यार्थी

आठवड्यांतून एक संध्याकाळ आम्ही लंडनांत अमेरिकन विद्यार्थ्यांना 'जागतिक व्यापाराचें धोरण' हा विषय शिकवितों, असें मागील एका लेखांत सहज लिहून गेलों होतों. त्यावर नाशिकच्या एका वयोवृद्ध वाचकांनीं मार्मिक प्रश्न केला आहे. ते विचारतात, "व्यापार कसा करावा हें ज्या देशानें साऱ्या जगाला शिकविलें, त्या देशाचीं मुलें तें शिकावयास विलायतेस कां येतात? आणि आलींच तर त्यांना शिकविण्यास आपणच बरे सांपडलां!" प्रश्नाच्या उत्तरार्धांतील कोपरखळी आम्ही मुकाट्यानें मान्य करतों. पूर्वार्धास मात्र उत्तर देणें अवश्य आहे, व तें थोडें लांबेल.

आपल्याकडे मूल शिकण्यासाठीं परदेशीं जातें तेव्हां तो साऱ्या घराचा निर्णय असतो. आजोबा मुदतठेव मोडतात, काका बँकेच्या कर्जाला जामीन राहतात, आजी मेतकूट आणि भाजणी बांधून देते. आणि दोन वर्षांनीं पदवी मिळाली कीं मुलगा किंवा मुलगी बहुधा तिकडेच नोकरी धरते. रँग्लर परांजपे १८९९ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत पहिले आले आणि परत येऊन फर्ग्युसन कॉलेजांत शिकवूं लागले, ही गोष्ट ज्या घरांत अजून कौतुकानें सांगितली जाते, त्या घरांतही परत येण्याचा आग्रह आतां कोणी धरीत नाहीं. अमेरिकन विद्यार्थ्याचें परदेशगमन याहून अगदीं निराळें. तो बहुधा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षीं एक सत्र, म्हणजे सुमारें पंधरा आठवडे, बाहेर काढतो. पदवी घरच्याच विद्यापीठाची, गुणही तिकडेच जमा व्हावयाचे. परदेश हा त्याच्या शिक्षणाचा मुक्काम नव्हे. तें वाटेंतलें एक स्टेशन आहे.

ही चाल शंभर वर्षांपूर्वींची. १९२३ च्या जुलैंत डेलावेअर विद्यापीठाचे रेमंड कर्कब्राइड नांवाचे तरुण प्राध्यापक आठ विद्यार्थ्यांना घेऊन बोटीनें फ्रान्सला गेले, तेथून तिचा आरंभ धरतात. कर्कब्राइड यांनीं पहिल्या महायुद्धांत सैनिक म्हणून फ्रान्स पाहिला होता, आणि राष्ट्रांराष्ट्रांतील समजूत वाढावी ही त्यांची तळमळ होती. पण या सफरीला पाठबळ देणाऱ्यांत कारखानदार पिएर ड्यू पाँ व त्या वेळचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर हे दोघे होते, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. परक्या देशांत जाऊन माल विकूं शकणारीं माणसें त्यांना हवीं होतीं. तेव्हां व्यापार हा या प्रवासांत मागाहून चढलेला उतारू नव्हे; तो पहिल्या बोटीवरच होता.

आमचा वर्ग ब्लूम्सबरींतील एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर भरतो. अठरा-वीस मुलें, तीन तासांचा एकच पाठ, मध्यें पंधरा मिनिटें सुटी. मुलें ओहायओ, टेक्सास, मिनेसोटा अशा ठिकाणचीं; कित्येकांच्या पारपत्रावर पहिलाच शिक्का लंडनचा. त्यांची रीतभात पाहून आपल्याकडील वडील मंडळी प्रथम चकित होतील. तीं कॉफीचा पेला घेऊन वर्गांत येतात, पाय लांब करून बसतात, आणि अध्यापकाला त्याच्या पहिल्या नांवानें हांक मारतात. आमच्या नांवाचा पूर्वार्ध त्यांच्या जिभेला पेलतो, उत्तरार्ध पेलत नाहीं. म्हणून गेलीं अकरा वर्षें आम्ही अर्ध्या नांवानेंच शिकवीत आहों. यांत अनादर मुळींच नसतो. जें समजलें नाहीं तें समजलें नाहीं असें उघड सांगण्याचें धैर्य या मुलांत आहे. आम्ही पुण्यास शिकत असतां तें आमच्या बाकावर तरी कोणापाशीं नव्हतें.

दोष म्हणाल तर एक आहे. गुरुवार मावळला कीं त्यांचें मन विमानतळाकडे लागतें. युरोपांत विमानाचें तिकीट कधीं कधीं पुणें-मुंबई मोटारीच्या भाड्याइतकें स्वस्त मिळतें, त्यामुळें या शुक्रवारीं बार्सिलोना तर पुढच्या शुक्रवारीं प्राग. कांहीं सहाध्यायी अध्यापक यावर रागावतात. आम्ही सहलीला मनाई करीत नाहीं; सहलीवर काम लावून देतों. ज्या गांवीं जाल तेथल्या एखाद्या किराणा दुकानांत अर्धा तास उभे राहा, तुमच्या गांवीं मिळतें आणि येथें मिळत नाहीं असें काय, व येथें मिळतें पण तुमच्याकडे नाहीं असें काय, तें लिहून आणा. मिलानला गेलेल्या एका मुलानें डॉमिनोजचें दुकान हुडकलें व तें न सांपडल्याची तक्रार वर्गांत केली. पिझ्झाच्या माहेरीं पिझ्झा विकावयास ही अमेरिकन कंपनी २०१५ सालीं गेली होती आणि २०२२ मध्यें तेथून परतली होती. मुलानें तक्रार केली आणि आम्हांस एक तासाचा पाठ फुकट मिळाला.

या विषयाचें इंग्रजी नांव भारदस्त आहे, पुस्तकें जाड आहेत. गाभा मात्र एका प्रश्नांत मावतो. आपल्या गांवीं चाललेली दुकानदारी परक्या गांवीं कां चालावी? १९८३ सालीं हार्वर्डचे प्राध्यापक थिओडोर लेव्हिट यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, दळणवळणाच्या सोयींमुळें जगभरच्या लोकांच्या गरजा व आवडी एकसारख्या होत चालल्या आहेत. यापुढें सर्व जगाला एकच माल एकाच रीतीनें विकील ती कंपनी जिंकेल. पुढें २००१ सालीं पंकज घेमावत यांनीं दुसरी बाजू मांडली. त्यांच्या मतें अंतर अजून शिल्लक आहे व तें चार प्रकारचें आहे: संस्कृतीचें, राज्यव्यवस्थेचें, भूगोलाचें आणि सांपत्तिक स्थितीचें. विमानामुळें यांतलें एक कमी झालें म्हणून बाकीचीं तीन कमी होत नाहींत. आमच्या वाचकभगिनींना हें सांगावयास प्राध्यापक नको. कोंकणांतलें माहेर सोडून विदर्भांत नांदावयास गेलेल्या मुलीला नारळाच्या जागीं तीळ आणि जवस दिसतात तेव्हां हा सिद्धांत तिला पहिल्याच स्वयंपाकांत कळतो. १९९४ सालीं केलॉग कंपनीनें मक्याचे पोहे भारतांत आणले व तळोज्यास कारखाना घातला, तेव्हां थंड दुधांत कुरकुरीत राहणारे ते पोहे आपल्या घरोघरीं ऊन दुधांत पडले आणि त्यांचा लगदा झाला. किंमतही आपल्या पोह्या-उपम्याच्या मानानें भारी होती, हेंही खरें.

वर्गांत आम्ही दोन दुकानदारांची जोडी मुद्दाम एकापुढें एक ठेवितों. पहिला वॉलमार्ट. ही बलाढ्य अमेरिकन कंपनी १९९७ सालीं जर्मनींत शिरली. दाराशीं हसतमुखानें स्वागत करणारा माणूस, पैसे देतांना पिशवी भरून देणारा दुसरा माणूस, ही घरची रीत तिनें तिकडे नेली. जर्मन गिऱ्हाइकाला परक्याचें हसणें अवघड वाटलें. आपली पिशवी आपणच भरण्याची त्याला संवय. मोठें कारण अर्थात् हसण्याचें नव्हतें. स्वस्ताई हें वॉलमार्टचें शस्त्र, आणि आल्डीसारख्या जर्मन दुकानांनीं तें तिच्या आधींच हातांत घेतलेलें. त्यांत कांहीं जिन्नस खरेदीहूनही कमी भावानें विकल्याबद्दल सरकारनें २००० सालीं तिला भाव वाढविण्यास भाग पाडलें. शेवटीं २००६ सालीं आपलीं ८५ दुकानें मेट्रो या जर्मन कंपनीच्या हवालीं करून ती परत गेली. ही कथा ऐकून वर्ग मनसोक्त हसतो.

मग दुसरी कथा टेस्कोची. टेस्कोचें दुकान लंडनांत नाक्यानाक्यावर आहे, मुलें रोज तेथेंच दूध-पाव घेतात. या विलायती कंपनीनें अमेरिकेंत जाण्यापूर्वीं अभ्यास कमी केला नव्हता. तिच्या माणसांनीं अमेरिकन कुटुंबांत राहून त्यांचीं फडताळें पाहिलीं. लॉस एंजलिसच्या एका गुदामांत लुटुपुटीचें दुकान मांडलें, आणि गुपित फुटूं नये म्हणून हा चित्रपटाचा देखावा आहे असें सांगितलें. २००७ च्या नोव्हेंबरांत 'फ्रेश अँड ईझी' या नांवानें दुकानें उघडलीं तीं कॅलिफोर्निया, नेव्हाडा व ॲरिझोना या प्रांतांत. म्हणजे घरबांधणीचा फुगा जेथें सर्वांत जोरानें फुटला नेमकीं तेथें. पण सारा दोष काळाला देतां येत नाहीं. फळें व भाज्या प्लास्टिकांत गुंडाळून ठेविलेल्या, पैसे गिऱ्हाइकानें स्वतःच यंत्रावर चुकते करावयाचे, बोलावयास माणूस नाहीं. २०१३ सालीं टेस्कोनें माघार जाहीर केली, तोंवर सुमारें १२० कोटी पौंडांना खार लागला होता. जर्मनांच्या गोष्टीला हसणारा वर्ग ही गोष्ट ऐकतांना हसत नाहीं, कारण आतां परका कोण आणि घरचा कोण याची अदलाबदल झालेली असते. टेक्सासचा एक मुलगा म्हणाला, "माझी आई टोमॅटो हातांत घेऊन दाबून पाहिल्याखेरीज कधीं घेत नाहीं." आमचीही घेत नसे, असें आम्हीं त्यास सांगितलें.

सहाव्या आठवड्यांत मात्र आम्ही वर्ग खोलींत भरवीत नाहीं. सर्वांना घेऊन लेडनहॉल स्ट्रीटवर जातों. तेथें लॉइड्सची पोलादी नळ्यांनीं वेढलेली इमारत १९८६ पासून उभी आहे, आणि आमचा पोटाचा धंदा सागरी विम्याचा असल्यामुळें त्या जागेशीं आमचा नेहमींचा परिचय. याच जागेवर पूर्वीं ईस्ट इंडिया हाउस होतें. १८६१ सालीं तें पाडून टाकलें. ज्या कंपनीला ३१ डिसेंबर १६०० रोजीं राणी एलिझाबेथनें सनद दिली, तिची ही मुख्य कचेरी. अमेरिकन मुलांना प्रथम वाटतें कीं, ही मास्तरांच्या देशाची गोष्ट, आपण नुसतें ऐकावयाचें. मग आम्ही विचारतों, बोस्टनच्या बंदरांत १७७३ च्या डिसेंबरांत चहाच्या ३४२ पेट्या समुद्रांत फेंकल्या त्या कोणाच्या? त्यांना बंदर माहीत असतें, तारीखही पाठ असते. पेट्यांचा मालक सहसा कोणास ठाऊक नसतो. तो चहा चीनचा होता हें ऐकून तर सर्वच थक्क होतात. कंपनीच्या लंडनच्या वखारींत चहा पडून राहिला होता, कर्ज डोक्यावर चढलें होतें. म्हणून तिला तो परस्पर अमेरिकेंत विकूं देणारा कायदा पार्लमेंटनें त्या वर्षीं केला. कंपनीची अडचण दूर करण्यासाठीं समुद्रापलीकडील गांवांचा बाजार हलविला, आणि त्या गांवांस कोणी विचारलें नाहीं.

त्याच १७७३ सालीं आणखी एक कायदा झाला, व युद्ध-तहाच्या बाबतींत मुंबई आणि मद्रास या शाखांनीं कलकत्त्याच्या अनुमतीनें वागावें असें ठरलें. येथून आमची गोष्ट सुरू होते. १७७५ च्या मार्चांत मुंबईकरांनीं कलकत्त्यास न विचारतां राघोबादादांशीं सुरतेस तह केला. साष्टी आणि वसई कंपनीला मिळावी, कंपनीनें दादांना पेशव्यांच्या गादीवर बसवावें, असा सौदा. कलकत्त्याच्या कौन्सिलानें तो अमान्य ठरविला, कर्नल अप्टन यास पुण्याच्या कारभाऱ्यांकडे धाडलें, व १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह केला. तो होऊन कांहीं महिने लोटले तों लंडनहून डायरेक्टरांचा खलिता येऊन थडकला कीं, सुरतेचा तह आम्हांस पसंत आहे! पत्र लिहिणाऱ्यांना पुरंदरचा तह ठाऊकच नव्हता. समुद्रावरून टपाल यावयास-जावयास मिळून वर्ष लागे. तेवढ्या कागदाच्या बळावर मुंबईकरांनीं पुन्हां उचल खाल्ली, आणि १७७९ च्या जानेवारींत वडगांवास महादजी शिंद्यांपुढें त्यांच्या फौजेला मान खालीं घालावी लागली. पुढें सालबाईचा तह होईपर्यंत आणखी तीन वर्षें गेलीं.

मुख्य कचेरी, विभागीय कचेरी आणि शाखा यांपैकीं कोणीं काय ठरवावें, यावर पाठ्यपुस्तकांत एक लांबलचक प्रकरण आहे. तें आम्ही मुलांना घरीं वाचावयास सांगतों. रस्त्यावर उभे राहून सुरत आणि पुरंदर शिकवितों. १७७६ हा आंकडा ऐकतांच त्यांचे कान टवकारतात, कारण तें त्यांच्या स्वातंत्र्याचें वर्ष. एकाच उन्हाळ्यांत याच रस्त्यावरच्या कारकुनांना दोन खंडांतून वाईट बातम्या येत होत्या, असें सांगितल्यावर नाना फडणीस हें नांव उच्चारण्याचा प्रयत्न दोघेतिघे तरी प्रामाणिकपणें करतात.

या इमारतीसंबंधीं आणखी एक गोष्ट आम्ही कधीं वगळीत नाहीं. १८१७ सालीं 'ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास' लिहिणारे जेम्स मिल्ल यांनीं हिंदुस्थान कधीं पाहिला नाहीं, आणि न पाहणें ही कांहीं मोठी उणीव नव्हे असा युक्तिवाद त्यांनीं प्रस्तावनेंतच केला. दोन वर्षांनीं ते या कचेरींत नोकरीस लागले. त्यांचे पुत्र जॉन स्टुअर्ट मिल्ल यांनीं १८२३ पासून १८५८ पर्यंत येथेंच बसून हिंदुस्थानास जाणारे खलिते लिहिले. तेही तिकडे कधीं फिरकले नाहींत. आगरकरांच्या पिढीनें ज्यांना गुरुस्थानीं मानलें ते हेच. माणूस बुद्धिमान होता, न्यायी होता, आणि ज्यांच्याविषयीं लिहीत होता त्यांतील एकाच्याही ओसरीवर बसला नव्हता. हें सांगून झाल्यावर आम्ही मुलांना विचारतों कीं, सत्राच्या निबंधासाठीं तुम्हीं जो देश निवडला आहे तो पाहिला आहे काय? कोणीं व्हिएतनाम निवडलेला असतो, कोणीं नायजेरिया. थोडा वेळ कोणी बोलत नाहीं. नाशिककरांच्या प्रश्नाचें आमचें उत्तर या शांततेंत आहे. जागतिक व्यापाराचें धोरण म्हणजे न पाहिलेल्या माणसांच्या घरावर परिणाम होईल असा निर्णय दूर बसून घेण्याची विद्या. ती स्वतःच्या गांवीं, स्वतःच्या बाकावर बसून शिकलेला विद्यार्थी हुशार होतो, पण 'दूर' म्हणजे काय हें त्याला ठाऊक नसतें.

बाराव्या आठवड्याचा पाठ आम्हांस स्वतःला जड जातो. त्यांत लंडन आणि मुंबई यांच्या जागा बदललेल्या असतात. २००७ सालीं टाटांनीं कोरस ही विलायतेंतील पोलादाची कंपनी सहाशे कोटी पौंडांहून अधिक किंमत देऊन घेतली, तेव्हां आपल्या घराघरांत पेढे वांटावेत असा आनंद झाला होता. वेल्समधील पोर्ट टॅलबटचा कारखाना त्या खरेदींत आला. तेथील दोन झोतभट्ट्यांपैकीं एक २०२४ च्या जुलैंत विझली, दुसरी ३० सप्टेंबरला. सुमारें २,८०० नोकऱ्या जातील असें कंपनीनें त्या वर्षाच्या आरंभींच जाहीर केलें होतें. भट्ट्या जुन्या झाल्या, रोज दहा लाख पौंडांचा तोटा होतो, कोळशाचा धूर आतां परवडत नाहीं. त्यांच्या जागीं विजेची भट्टी उभारूं, तिला १२५ कोटी पौंड लागतील, पैकीं ५० कोटी ब्रिटिश सरकार देईल, ही कंपनीची बाजू. नवी भट्टी होईपर्यंत जुन्यांतील एक तरी चालूं ठेवा, ही कामगार संघांची मागणी. ती खर्चाची म्हणून नाकारली गेली.

आम्ही वर्गाचे चार भाग करतों. एक मुंबईचें संचालक मंडळ, एक कामगार संघ, एक ब्रिटिश मंत्री, आणि एक पोर्ट टॅलबटचे दुकानदार. या चौथ्या भागांत जावयास प्रथम कोणी तयार नसतें. २०२४ च्या शरद-सत्रांत, म्हणजे दुसरी भट्टी विझून पुरते दोन महिनेही झाले नव्हते तेव्हां, संचालक झालेल्या मुलांनीं दहा मिनिटांत कोष्टक मांडलें, बेरीज केली व भट्ट्या बंद करून टाकल्या. बेरीज बरोबर होती. इतक्यांत दुकानदारांच्या बाजूनें एक मुलगी उभी राहिली. ती ओहायओंतील यंगस्टाउनजवळची. सबंध सत्रांत तिनें फारसें तोंड उघडलें नव्हतें. ती म्हणाली, "१९ सप्टेंबर १९७७ हा दिवस आमच्या गांवांत अजून 'काळा सोमवार' म्हणून ओळखतात. त्या दिवशीं यंगस्टाउन शीट अँड ट्यूबचा मोठा कारखाना बंद होणार असें सांगितलें आणि पांच हजार माणसें घरीं बसलीं. आजोबा त्यांतले एक. ती कंपनी तेव्हां न्यू ऑर्लिन्सच्या एका जहाजवाल्यांची होती. आजोबा म्हणत, त्या लोकांनीं आमची नदी कधीं पाहिली सुद्धां नव्हती." मग ती खालीं बसली. संचालकांतील एका मुलानें विचारलें, "पण तोटा होत असेल तर करावयाचें काय?" हा प्रश्नही खोटा नव्हता, आणि तिनें तो खोटा आहे असें म्हटलें नाहीं.

आमचें मत विचाराल तर त्या भट्ट्या आज ना उद्यां बंद व्हावयाच्याच होत्या, आणि टाटांच्या जागीं दुसरा कोणी असता तर कदाचित् लवकर झाल्या असत्या. पण वर्गांतील कोष्टकांत गांवासाठीं एकही रकाना नव्हता, आणि पाठ्यपुस्तकाच्या कोष्टकांतही नसतो. आम्ही मराठी, मालक भारतीय, कामगार वेल्श, आणि न्याय करणारीं मुलें अमेरिकन. अशा वेळीं कोणाच्या बाजूनें बोलावें हें अध्यापकास कळेनासें होतें. आम्ही त्या दिवशीं पुढचा अर्धा तास नुसते फळ्यापाशीं उभे राहून मुलें बोलतील तें लिहीत होतों.

आतां 'आपणच बरे सांपडलां' या कोपरखळीविषयीं. असल्या संस्थांत पूर्णवेळ अध्यापक थोडे आणि आमच्यासारखे दिवसां पेढीवर व रात्रीं वर्गांत असे बरेच. कारण उघड आहे: पूर्णवेळ विद्वान महाग पडतो. वर्गांतील तासांपुरतें वेतन. तयारी आणि निबंध तपासणें हें धर्मादाय खातीं. करार एका सत्राचा, आणि बारांहून कमी नांवें आलीं तर वर्ग रद्द. गृहिणींना या हिशेबाचें नवल वाटणार नाहीं. घरकामाचे तासही कोणी मोजीत नाहीं. उलट बाजूही सांगितली पाहिजे. सकाळीं ज्याच्या मेजावर सुएझच्या कालव्यांत अडकलेल्या जहाजाचा कागद येतो, तो संध्याकाळीं मालवाहतुकीवर बोलूं लागला कीं मुलें भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत नाहींत.

या व्यवस्थेचें दुसरें टोंक २०२० च्या मार्चांत दिसलें. साथ युरोपांत पसरली, अमेरिकेनें प्रवेशबंदी घातली, चौदा तारखेस ब्रिटनचेंही नांव त्या यादींत आलें. विद्यापीठांचे हुकूम सुटले आणि आमच्या अठरांपैकीं सोळा मुलें तीन दिवसांत निघून गेलीं. एकीनें भाड्याच्या खोलींतला कुकर, तांदूळ आणि अर्धी बरणी लोणचें आमच्या दारांत आणून ठेविलें. तें लोणचें आम्हींच तिला दिलेलें होतें. राहिलेला अभ्यासक्रम संगणकाच्या पडद्यावर पुरा केला. लंडनची रात्र व्हावी तों ओहायओंत दुपार, आणि टेक्सासचा मुलगा मागें कुत्रा भुंकत असतां विनिमयदराविषयीं बोलत आहे, असा तो वर्ग होता. त्यानंतरचीं तीन सत्रें वर्गच भरला नाहीं. करारही नाहीं, वेतनही नाहीं. तसें कळविणारें दोन ओळींचें पत्र समुद्रापलीकडच्या एका कचेरींतून आलें. पत्र सभ्य होतें. खालीं सही करणाऱ्यानें आमचें पूर्ण नांव मात्र बिनचूक लिहिलें होतें, आणि तसें लिहिणारा तो त्या देशांतला आम्हांस भेटलेला पहिलाच माणूस.

ओहायओच्या मुलीचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. बाकीचीं मुलें शेवटच्या सुटींत प्रागला गेलीं. ती पॅडिंग्टनहून गाडींत बसली आणि तीन तासांनीं पोर्ट टॅलबटला उतरली. दोन दिवस तेथें राहिली, चहाच्या दुकानांत बसली, भट्टींतून निवृत्त झालेल्या दोघांशीं बोलली. तिचा निबंध वर्गांतील सर्वांत चांगला होता असें नाहीं. इंग्रजी कच्चें होतें, आणि भांडवलावरील व्याजाचा हिशेब एके ठिकाणीं चुकला होता, तो आम्हीं लाल शाईनें दाखविला. निष्कर्षही तिनें भट्ट्या बंद करण्याच्या बाजूनेंच काढला, मात्र नवी भट्टी उभी राहीपर्यंतच्या वर्षांत गांवाचा काय खर्च होईल तो वेगळा मांडून, आणि तो कोणीं सोसावा हें स्पष्ट लिहून. शेवटीं परिशिष्ट म्हणून तिनें गांवाच्या मुख्य रस्त्यावरील दुकानांची यादी जोडली होती, डाव्या हातचीं आणि उजव्या हातचीं, पैकीं कोणतें उघडें व कोणतें बंद.

आम्हीं तिला वरची श्रेणी दिली. महिन्याभरानें तिच्या विद्यापीठाकडून विचारणा आली कीं, गुणांच्या तक्त्यांत परिशिष्टास जागा नाहीं, तरी या यादीचे गुण कोणत्या सदराखालीं धरावे? आम्हीं 'बाजारपेठेचा अभ्यास' असें लिहून कागद परत पाठविला.